अलर्ट सुटला, पण एसएमएस पोचला नाही: ऑन-कॉल ड्युटीसाठी तपासणीचा क्रम

पहाटे पावणेतीनला एखाद्या पीओपीचा, म्हणजे नेटवर्कच्या स्थानिक केंद्राचा, स्विच बंद पडतो. मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर लाल ओळ येते, ईमेलही सुटतो. ज्याची ऑन-कॉल ड्युटी आहे, म्हणजे बिघाड झाला की उठून बघायची पाळी आहे, तो मात्र सकाळी साडेसहाला ग्राहकाच्या फोनने जागा होतो. छोट्या-मोठ्या इंटरनेट सेवांच्या मॉनिटरिंगमध्ये मी बारा वर्षं काढली आणि हा एकच बिघाड इतक्या ठिकाणी दुरुस्त केला, की आता लक्षण ऐकलं की गडबड कुठे असेल याचा अंदाज येतो.

आधी लक्षण नीट ओळखा

"एसएमएस येत नाही" एवढ्यावर काहीच ठरत नाही. खालच्यापैकी तुमच्याकडे नेमकं काय होतंय, ते कागदावर लिहा.

- कुणालाच, कुठलाच एसएमएस येत नाही. ईमेल मात्र येतो.
- एकाला येतो, दुसऱ्याला येत नाही.
- काही उपकरणांचे अलर्ट येतात, काहींचे कधीच येत नाहीत.
- बिघाड झाल्याचा येतो, सुरळीत झाल्याचा येत नाही.
- दिवसा येतो, रात्री किंवा ठराविक तासांत येत नाही.
- तीन-चार तासांनी, सगळे एकदम येऊन पडतात.
- एरवी येतो; मुख्य लिंक तुटली की नेमका तेव्हाच येत नाही.
- फोनमध्ये मेसेज सापडतो, पण फोन वाजलेलाच नसतो.

हे लिहिताना शेवटचा पोचलेला मेसेज कधीचा, आणि त्यानंतर काय बदललं, तेही शोधा. नवा फोन, नवं सिम, सर्व्हरचं अपग्रेड, एसएमएस देणारी कंपनी बदलणं, यातलं काहीतरी बहुतेक वेळा सापडतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. घाईत तीन गोष्टी बदलल्या की चालू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि महिन्याभरात तेच पुन्हा समोर येतं.

या साखळीतला प्रत्येक जण आपल्यापुरता खरंच बोलत असतो. सर्व्हर म्हणतो पाठवला, एसएमएस पुढे पाठवणारा गेटवे म्हणतो स्वीकारला, मोबाइल कंपनी म्हणते पुढे दिला. म्हणून "पाठवला" ही नोंद मी पुरावा धरत नाही. माणसाने फोन हातात घेऊन अलर्ट स्वीकारला, ही नोंद दिसली तरच एसएमएस पोचला.

पहिली तपासणी: फोन. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं

इथूनच सुरुवात करा, कारण सर्व्हरवर तासभर घालवल्यावर मेसेज फोनच्या स्पॅम फोल्डरमध्ये सापडलेला मी बऱ्याचदा पाहिलाय. अँड्रॉइडच्या मेसेज ॲपमधला स्पॅम आणि ब्लॉक केलेल्यांचा भाग उघडून बघा. आयफोनवर अनोळखी मेसेज वेगळे करण्याची सोय चालू असेल तर त्या याद्या बघा.

मग 'डू नॉट डिस्टर्ब'. रात्री अकरा ते सहा फोन आपोआप शांत होत असेल तर अलर्टला अपवाद द्यायला हवा, आणि इथेच आपल्याकडची एक खास अडचण आहे. कंपनीच्या नावाने येणाऱ्या मेसेजच्या आधी दोन अक्षरं असतात: एक मोबाइल कंपनीचं, एक सर्कलचं, म्हणजे सेवेच्या प्रदेशाचं. मेसेज कुठल्या मार्गाने आला त्यावर ही अक्षरं बदलतात. एका नावाला अपवाद दिला आणि दुसऱ्या रात्री तोच अलर्ट वेगळ्या अक्षरांनी आला, तर फोन गप्पच राहतो. त्यामुळे फक्त एसएमएसच्या आवाजावर अवलंबून राहू नका. यावरचा खरा उपाय, म्हणजे फोन कॉल, पुढे येतो.

त्याच बैठकीत मॉनिटरिंगमधला नंबर त्या माणसाचा आत्ताचाच आहे ना, तेही त्याला समोर बसवून ताडून घ्या. एका ठिकाणी चार महिने रात्रीचे अलर्ट नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या फोनवर जात होते. तो बिचारा रोज पुसून टाकायचा.

दुसरी: रोस्टर (पाळ्यांचं वेळापत्रक) आणि घड्याळ

"ठराविक तासांत येत नाही" असं लक्षण असेल तर थेट इथे या. रात्रपाळी २०:०० ते ०८:०० अशी भरलेली असते, पण सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, चालतो. आपली वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे सर्व्हरच्या हिशेबाने रात्रपाळी आपल्या घड्याळात मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुरू होते आणि दुपारी दीडला संपते. रात्री आठ ते दीडपर्यंतचा अलर्ट रात्रपाळीच्या माणसाला येत नाही. मी पाहिलं तिथे लोक म्हणत होते, "रात्री नेटवर्क झोपतं, पहाटे सुधारतं." नेटवर्कचा काही संबंध नव्हता.

नॅगिओस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये रात्रीची वेळ मध्यरात्री तोडून दोन तुकड्यांत लिहावी लागते: ००:०० ते ०८:०० आणि २०:०० ते २४:००. झॅबिक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या मीडियाला, म्हणजे अलर्ट पोचवायच्या मार्गाला, स्वतःची वेळ आणि तीव्रतेची खूण असते. एखादी खूण राहिली असेल, तर त्या तीव्रतेचा अलर्ट त्या माणसाला कधीच जात नाही आणि कुठे चूकही दिसत नाही.

तिसरी: शिल्लक आणि वैधता

गेटवेच्या पॅनेलवर शिल्लक बघा. सर्व्हरला सिमचा मोडेम लावून एसएमएस पाठवत असाल तर रिचार्ज कधी संपतो ते बघा. बऱ्याच प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा असते. मोठ्या बिघाडात ती अर्ध्या तासात संपते. रिचार्जची तारीख एका माणसाच्या डोक्यात ठेवू नका, दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका.

चौथी: साखळी मधोमध तोडून बघा

इथून सर्व्हरवर हात घालायचा. आधी गेटवेच्या पॅनेलवरून हाताने, तोच टेम्प्लेट (मजकुराचा ठरलेला साचा) वापरून, स्वतःला एसएमएस पाठवा. पोचला तर गेटवेपासून फोनपर्यंतचा रस्ता ठीक आहे, दोष अलीकडे. नाही पोचला तर दोष पलीकडे, आणि सर्व्हरला हात लावायची गरज नाही. या एका प्रयोगाने निम्मं काम वाचतं.

दोष अलीकडे असेल तर सर्व्हरवरून कर्ल या कमांडने तीच विनंती पाठवा. ती रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालली की लोक थांबतात, पण मॉनिटरिंग रूट म्हणून चालत नाही. नॅगिओसचा किंवा झॅबिक्सचा जो वापरकर्ता आहे, त्याच्याच नावाने स्क्रिप्ट चालवून बघा. परवानगी नसलेली लॉग फाइल, न सापडलेला पाथ, रूटलाच ठाऊक असलेली प्रॉक्सी: तिन्ही प्रकार इथेच उघडे पडतात.

विनंती गेटवेपर्यंत पोचतच नसेल तर तीन गोष्टी बघा. गेटवेने तुमचा आयपी पत्ता नोंदवून घेतलेला असतो. लिंक बदलली की तो बदलतो आणि विनंती नाकारली जाते. दुसरं, जुन्या सर्व्हरवरची, सुरक्षित जोडणीत ओळख पटवणारी प्रमाणपत्रं. ३० सप्टेंबर २०२१ला लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रं देणारी संस्था ज्यावर अवलंबून होती ते एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा वर्षानुवर्षं हात न लावलेल्या कितीतरी सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट एका दिवसात मुक्या झाल्या. तिसरं, मजकुरातली चिन्हं. "डिस्क ९५%" मधलं टक्क्याचं चिन्ह किंवा एखादं अँड चिन्ह यूआरएलमध्ये जसंच्या तसं गेलं, तर मेसेज तिथेच कापला जातो किंवा विनंतीच मोडते. मजकूर नेहमी एन्कोड करून पाठवा.

पाचवी: डीएलटी आणि टेम्प्लेट. सर्वांत जास्त वेळ इथे द्या

भारतात कंपनीच्या नावाने जाणारा प्रत्येक एसएमएस ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८च्या नियमांखाली येतो. संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा टेम्प्लेट, तिन्ही मोबाइल कंपनीच्या डीएलटी या नोंदणी व्यवस्थेत नोंदवावं लागतं. तुमचा मेसेज टेम्प्लेटशी पडताळला जातो, आणि जुळला नाही तर तिथेच टाकला जातो. ८ मार्च २०२१ला ही पडताळणी पहिल्यांदा कडकपणे सुरू झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले, आणि ट्रायला ती लगेच आठवडाभर थांबवावी लागली.

आपल्या दृष्टीने घातक गोष्ट ही, की पडताळणी गेटवेच्या पुढे होते. गेटवे तुमच्या स्क्रिप्टला "स्वीकारलं" असं उत्तर आधीच देऊन मोकळा झालेला असतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळं हिरवं आणि फोनवर काहीच नाही, असं असेल तर मी आधी इथेच बघतो.

एक उदाहरण उलगडून सांगतो. एके ठिकाणी घरगुती जोडण्यांच्या छोट्या स्विचचे अलर्ट बिनचूक यायचे. ज्याच्यावर अर्धं शहर उभं होतं त्या मोठ्या स्विचचा कधीच येत नसे. टेम्प्लेटमध्ये उपकरणाच्या नावासाठी एक बदलती जागा होती, आणि अशा एका जागेत ३० अक्षरंच मावतात. मोठ्या स्विचचं नाव होतं "नाशिक-सातपूर-पीओपी-ॲग्रिगेशन-स्विच-०२". रोमन लिपीत मोजलं तर ३९ अक्षरं. ते "एनएसके-एसटीपी-एजीजी-०२" असं, म्हणजे रोमनमध्ये १४ अक्षरांचं केलं आणि त्याच मिनिटाला पहिला अलर्ट पोचला. दोन वर्षं तो स्विच मुका होता. त्या काळात त्याच्यासाठी रात्री कुणीच उठलं नव्हतं, आणि सगळे समजत होते की तो फार दणकट आहे.

"काही उपकरणांचे येतात, काहींचे नाही" या लक्षणाला म्हणूनच आधी नावांची लांबी मोजा. मग बिघाडाच्या वर्णनाची लांबी मोजा. ते वर्णन सॉफ्टवेअर स्वतः लिहितं आणि हवं तेवढं वाढतं, त्यामुळे स्क्रिप्टमध्येच ते ३० अक्षरांवर कापून टाका.

टेम्प्लेटचा न बदलणारा भागही अक्षर न अक्षर जुळायला हवा. एक जास्तीची मोकळी जागा, ओळ मोडणं, पूर्णविराम, यानेही मेसेज पडतो. सुरळीत झाल्याच्या मेसेजचा मजकूर वेगळा असतो, त्याला वेगळा टेम्प्लेट लागतो; तो नोंदवायचा राहिला की "बिघाडाचा येतो, सुरळीतचा येत नाही" हे लक्षण दिसतं. सॉफ्टवेअर अपग्रेड केल्यावर त्याने एखादा शब्द बदलला तरी हेच होतं.

आणखी तीन गोष्टी इथेच तपासा. १ ऑक्टोबर २०२४पासून नोंदणी न केलेली लिंक असलेले मेसेज अडवले जातात. अलर्टमध्ये ग्राफची लिंक टाकली असेल तर ती काढा. डिसेंबर २०२४पासून संस्थेपासून मोबाइल कंपनीपर्यंतची मधली साखळीही जाहीर केलेली लागते; एसएमएस देणारी कंपनी बदलली आणि ती साखळी जुनीच राहिली, तर मेसेज नाकारले जातात. आणि हेडर जाहिरातीच्या प्रकारात नोंदवलेला तर नाही ना, हे बघा. तसा असेल तर डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) घेतलेल्या नंबरवर तो पोचत नाही, आणि रात्री ९ नंतर कुणालाच पोचत नाही. ऑन-कॉलचा अलर्ट सेवा प्रकारातच हवा.

परदेशी मॉनिटरिंग सेवा थेट तिथून एसएमएस पाठवत असेल, तर तो आंतरराष्ट्रीय मार्गाने येतो आणि पाठवणाऱ्याचं नाव वाटेत बदलू शकतं. अशा मेसेजवर ऑन-कॉल ड्युटी लावू नका.

सहावी: लांबी आणि वेळ

रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यापुढे मेसेजचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा १५३ किंवा ६७ अक्षरांचा, आणि सगळे तुकडे पोचल्याशिवाय फोन बहुतेकदा पूर्ण मेसेज दाखवत नाही. अलर्ट एकाच तुकड्यात बसवा.

उशिरा आलेला मेसेज न आलेल्या मेसेजइतकाच धोक्याचा. फोन बंद किंवा रेंजबाहेर असला की मोबाइल कंपनीचं केंद्र मेसेज साठवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. सकाळी रेंज आली की रात्रीचे सगळे एकदम पडतात आणि माणूस मिटलेल्या बिघाडामागे धावतो. म्हणून बिघाडाची वेळ मेसेजच्या सुरुवातीलाच लिहा, आणि गेटवे वैधता ठरवू देत असेल तर ती तासाभराच्या आत ठेवा.

सातवी: मेसेजचा पूर

मुख्य राउटर पडला की त्यामागची दोनशे उपकरणं "बंद" दिसतात आणि दोनशे मेसेज सुटतात. महत्त्वाचा मेसेज त्यात बुडतो आणि दिवसाची मर्यादा संपते. नॅगिओसमध्ये पॅरेंट आणि झॅबिक्समध्ये ट्रिगर डिपेंडन्सी लावून कुठलं उपकरण कुणावर अवलंबून आहे ते नोंदवून ठेवा, म्हणजे मूळ बिघाडाचाच एक मेसेज जाईल. सतत वर-खाली होणाऱ्या लिंकसाठी फ्लॅप ओळखण्याची सोय चालू करा.

हे मी मनापासून सांगतोय. माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी सहा महिन्यांचं बाळ होतं आणि त्याला रात्रीत साठ मेसेज यायचे, त्यातले कामाचे एक किंवा दोन. शेवटी त्याने फोन स्वयंपाकघरात ठेवायला सुरुवात केली. खरा बिघाड झाला तेव्हा त्याला बोलणी बसली. त्याचं चुकलं नव्हतं. पोचला की उठायलाच हवं, असेच मेसेज त्याला जायला हवे होते, आणि ती जबाबदारी अलर्ट लिहिणाऱ्या आम्हा लोकांची होती.

आठवी: अलर्टचा रस्ता. इथून पैसे लागतात

"मुख्य लिंक तुटली की नेमका तेव्हाच येत नाही." कारण उघड आहे. एसएमएस गेटवेला जाणारी विनंती त्याच लिंकवरून जाते. ज्यावर नजर ठेवायची त्याच्याच खांद्यावरून निरोप पाठवता येत नाही. दुसरा रस्ता हवा: दुसऱ्या कंपनीची स्वस्त जोडणी, किंवा सर्व्हरला लावलेला सिमचा मोडेम.

मोडेममध्ये माझ्या अनुभवात पुढचे दोष येतात. फक्त २जी चालणाऱ्या जुन्या मोडेममध्ये जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं २जी नेटवर्कच नाही. लोखंडी रॅकच्या आत अँटेना ठेवली की सिग्नल पडतो. मोडेमला एटी कमांडने (मोडेमशी बोलायच्या आज्ञेने) सिग्नल विचारा. उत्तर ० ते ३१ मध्ये येतं, ९९ म्हणजे माहीत नाही. १० च्या खाली असेल तर अँटेना खिडकीकडे न्या. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर यूएसबी पोर्टचं नाव बदलतं आणि स्क्रिप्ट जुन्याच पोर्टशी बोलत राहते. लिनक्समधल्या यूडेव्हचा नियम लिहून नाव कायमचं बांधा. सिमची मेमरी जाहिरातींच्या मेसेजनी भरली की काही मोडेम अडकतात. रोज रात्री ती रिकामी करा. आणि ९० दिवस कसलाच वापर न झालेलं प्रीपेड सिम बंद होऊ शकतं, त्यामुळे राखीव सिम पडून राहू देऊ नका.

दोन्ही रस्ते एकाच मोबाइल कंपनीवर नकोत. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वीज गेली आणि मोबाइल मनोरेही बंद पडले. अशा वेळी कुठलाच एसएमएस पोचत नाही. म्हणून एकाच गावात राहणारी दोन माणसं एकाच रात्री ऑन-कॉल लावू नका. एक दुसऱ्या शहरातला ठेवा.

नववी: शांतता पकडणारी व्यवस्था

रोज सकाळी ९ आणि रात्री ९ वाजता त्याच टेम्प्लेटने, त्याच रस्त्याने एक चाचणी एसएमएस सोडा. ड्युटीवरच्या माणसाने तो आल्याची खूण करायची. ९ वाजून १० मिनिटांपर्यंत खूण नसेल तर तपासणी तेव्हाच सुरू, खरा बिघाड व्हायच्या आधी. वर सांगितलेले दोष एवढ्याने खूप लवकर उघडे पडतात. चाचणीच्या मेसेजमध्ये सगळ्यात लांब नाव असलेलं उपकरण वापरा.

त्याच्या जोडीला पायऱ्या लावा. पाच मिनिटांत कुणी स्वीकारलं नाही तर दुसऱ्याला एसएमएस, दहा मिनिटांत नाही तर पहिल्याला फोन कॉल. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये थोड्याच वेळात पुन्हा आलेला कॉल वाजू देण्याची सोय फोनमध्ये असते, एसएमएसला ती नसते. शेवटी, मॉनिटरिंगच्या सर्व्हरवर बाहेरून नजर ठेवणारा एक छोटा सर्व्हर दुसरीकडे ठेवा; तोच बंद पडला तर सांगणार कोण?

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

पॅनेलवरून पाठवलेला मेसेज दोन वेगळ्या मोबाइल कंपन्यांच्या फोनवर पोचत नसेल, तर तुमच्या बाजूचं काम संपलं. सर्व्हरमध्ये आणखी काही बदलू नका; गेटवेकडे तिकीट टाका. डिलिव्हरी रिपोर्ट "पोचला" म्हणतोय आणि एकाच मोबाइल कंपनीच्या सगळ्या फोनवर तो नसेल, तरीही तेच.

डीएलटीवर संस्था किंवा हेडर बंद दाखवत असेल तर नोंदणी केलेल्या मोबाइल कंपनीच्या डीएलटी मदत विभागाशीच बोला. घाईने दुसऱ्याच्या हेडरवरून मेसेज पाठवू नका, त्यातून नोंदणी अडकू शकते.

अँटेना गच्चीवर किंवा मनोऱ्यावर न्यायची असेल तर अर्थिंग आणि वीज-संरक्षण जाणणारा माणूस बोलवा, विशेषतः मे ते ऑक्टोबरच्या विजांच्या दिवसांत. स्वतः चढू नका. गेटवेशी एसएमपीपी या पद्धतीने केलेली थेट जोडणी तुटत असेल तर गेटवेच्या इंजिनिअरला सोबत घेऊनच हात लावा. ऑन-कॉल माणसाच्या फोनचं नेटवर्क कारण नसताना एकदम गेलं आणि परत येतच नसेल, तर ते सिम स्वॅपही, म्हणजे त्याच्या नंबरचं सिम दुसऱ्याने काढणंही, असू शकतं. आधी मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवा, अलर्टचं नंतर बघा. आणि हॉस्पिटल, ऑक्सिजन, अग्निशमन अशा ठिकाणचे अलर्ट असतील तर फक्त एसएमएसवर ते उभे करू नका. त्या कामातला जाणकार बोलवून पूर्ण व्यवस्था आखून घ्या.

तिकीट टाकताना एवढं द्या: गेटवेने दिलेला मेसेज क्रमांक, पाठवल्याची वेळ सेकंदासह आणि आयएसटी की यूटीसी ते, नंबर, हेडर, टेम्प्लेट क्रमांक, पाठवलेला मजकूर जसाच्या तसा, आणि डिलिव्हरी रिपोर्टमधला शब्द. पोचलेला एक आणि न पोचलेला एक, असे दोन नमुने शेजारी ठेवा. एवढं असलं की समोरच्याला उलट प्रश्न विचारायला जागा राहत नाही आणि उत्तर बहुधा त्याच दिवशी येतं.